भोकातली हवा

विट्यात टँकर गुरुवारी यायचा,
आणि आमच्या प्रयोगशाळेला मिळायच्या दोन बादल्या.
हसबेबाई म्हणायच्या, तातोबा,
सांडलेलं पाणी हाच आपला आकडा,
एक थेंब भलतीकडं जाता कामा नये.

म्हणून मी तोटीचा डबा काठोकाठ भरायचो,
टपटप थांबेपर्यंत थांबायचो,
मग खाली मोजपात्र धरून
येरळेतला गोटा दोऱ्यानं आत सोडायचो,
हळू, झोपलेलं पोर खाली ठेवावं तसा.
गोटा मागेल तेवढी जागा
पाणी उठून द्यायचं.
गुडघ्यावर बसून, डोळा रेघेला लावून
पोरं वाचायची: चौतीस. न्हाई, साडेचौतीस.
तास सुटला की ते साडेचौतीस
मी परत बादलीत ओतायचो.

काय काय आणलं पोरांनी त्या वर्षी!
मोटारीचा नट, गंजका कोयंडा,
यंत्रमागाचा धोटा.
धोटा तरंगला.
त्याला कुलूप बांधून बुडवलं,
मग कुलपाचं पाणी वजा केलं.
शेवंता म्हणाली, बुडायला बी सोबत लागती व्हय?
बाईंनाही हसू आवरलं नाही.

मग बाजीराव मुळीकनं कागदाची पुडी उघडली.
आत एक मणी, पिवळाधमक.
त्याचे वडील सेलमला, गलाईच्या दुकानात.
भट्टी, मूस, तेजाब, दुसऱ्यांचं सोनं;
वीस वर्षांत बोटांवर ठसे उरले नव्हते.
पुडीच्या कागदावरच लिहिलेलं:
न घासता, न तापवता, तेजाब न लावता
हा काय आहे ते सांग.
मला जाळल्याबिगर कळत नाही.
तुमच्या शाळेत कळतं म्हणे.

डब्यात टाकला, तर तोटीला पत्ताच नाही.
एवढ्याशा मण्यासाठी कोण उठतं जागचं?
बाई म्हणाल्या, मग पाण्यात त्याचं वजन
किती हरवतं ते बघू.
दोरा पाणी पितो,
म्हणून शेवंतानं वेणीतला एक केस दिला.
काचेच्या पेटीतला तराजू, चिमट्यानं उचलायची वजनं,
पंखा बंद, खिडक्या बंद, चाळीस पोरांचे श्वास बंद.
हवेत दोन पॉइंट दहा ग्रॅम.
पाण्यात एक पॉइंट अठ्ठ्याऐंशी.
हरवलं पॉइंट बावीस.
फळ्यावर भागाकार: साडेनऊ.

सोनं एकोणीसच्या वर. ते नव्हे, एवढं कळलं.
बाजीराव बोलला नाही काही.
पण चांदी साडेदहा, तांबं नऊच्या आत,
मग हे साडेनऊ कोण?
मधल्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, भेसळ.
बाईंनी तो शब्द फळ्यावर घेतला नाही.
पोस्टकार्डावर फक्त आकडा गेला.

सतरा दिवसांनी उत्तर.
शिक्का तमिळ, अक्षर कोळशानं काढल्यासारखं:
आकडा कमी आला.
मण्याला भोक असतं.
भोकात हवा बसली असेल,
पाण्याला आत येऊ देत नसेल.
कोंबडीच्या पिसानं काढा, परत करा.

पीस माझ्या घरून आणलं.
बुडालेल्या मण्यात फिरवलं,
आणि जोंधळ्याएवढा एक बुडबुडा
वर आला, फुटला.
एक पॉइंट नव्वद.
भागाकार शेवंतानं केला, केसाचा मान म्हणून.
साडेदहा.
चांदी. वरून सोन्याचं पाणी.

बाबाला ठाव हुतं की! बाजीराव ओरडला.
हसबेबाई खडू झटकत म्हणाल्या,
ठाऊक होतं, तरी विचारलं.
मला वाटलं आणखी काही बोलतील.
त्यांनी पंखा लावायला सांगितला.

निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली मला.
नात घरातलं काहीबाही उचलून आणते,
तांब्यात बुडवते, बोटानं पाण्याची रेघ दाखवते.
मी आधी ती वस्तू हातात घेतो,
उलटीसुलटी करतो, उजेडाला धरतो,
कुठं भोक आहे का बघतो.